नागपुरात वकिलाला नवं काम येतं कुठून? (ज्युनिअर्ससाठी, पण सगळ्यांनी लिहा)

अंबाझरी:

स्वतंत्र बसलेले तरुण वकील भेटले की एकच प्रश्न विचारतात. ड्राफ्टिंग येतं, कोर्टात उभं राहता येतं, सीनियरने तयार केलंय, पण आता मॅटर आणायचं कुठून? बार रूममध्ये उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून हा धागा. मी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दिवाणी बाजूला काम करते, बहुतेक रिट आणि सेकंड अपील (खालच्या अपिलाच्या निकालावरचं दुसरं अपील). मी लिहीन ते तिथलं. जिल्हा न्यायालय, फॅमिली कोर्ट, डीआरटी (कर्जवसुली न्यायाधिकरण), लेबर कोर्टात बसणाऱ्यांनी आपापलं जरूर लिहावं.

आधी नियम, कारण गल्लत इथेच होते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतला नियम ३६ सांगतो की वकिलाने काम मागायचं नाही आणि जाहिरात करायची नाही. पत्रकं वाटून नाही, दलालामार्फत नाही, ओळखदेख नसताना कुणाला गाठून नाही, आपण चालवत असलेल्या केसबद्दल पेपरात मजकूर किंवा फोटो छापून आणूनही नाही. पाटी बेताच्या आकाराची हवी आणि तिच्यावर 'अमुक केसेसचे तज्ज्ञ' असं लिहिता येत नाही. बार असोसिएशनचं पद, माजी न्यायाधीश वगैरेही पाटीवर चालत नाही. २००८ मध्ये दुरुस्ती होऊन स्वतःचं संकेतस्थळ ठेवायला परवानगी मिळाली, पण त्यावर माहिती ठरलेलीच: नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनद क्रमांक, शिक्षण, कामाची क्षेत्रं. याबाहेर गेलात तर ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली तक्रार होऊ शकते, आणि शिक्षा ताकीद देण्यापासून सनद जाण्यापर्यंत काहीही असू शकते.

आता मुद्द्याचं. माझ्याकडे येणारं बहुतेक काम दुसऱ्या वकिलांनी पाठवलेलं असतं. नागपूर खंडपीठाखाली विदर्भाचे अकराही जिल्हे येतात. सिरोंच्याचा, मेहकरचा, वणीचा वकील आपल्या कोर्टात राजा असतो, पण त्याचा पक्षकार हरला आणि हायकोर्टात जायचं ठरलं की त्याला नागपुरात विश्वासाचा माणूस लागतो. तो माणूस कोण, हे तो पाटी बघून ठरवत नाही. 'मागच्या वेळी तुमचं मॅटर कुणी पाहिलं होतं? नीट वागला का?' असं शेजारच्या टेबलावरच्या वकिलाला विचारून ठरवतो. म्हणून माझ्या मते सगळा जोर पाठवणाऱ्या वकिलाला सांभाळण्यावर द्यावा. नवीन माणसं शोधण्याचं नंतर बघता येतं.

सांभाळायचं म्हणजे नेमकं काय, तेही सांगते. फाइल हातात आली की मी पहिल्या पानावर पेन्सिलने तीन तारखा लिहिते: निकालाची, नकलेसाठी (निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी) अर्ज केल्याची आणि नक्कल तयार झाल्याची. सेकंड अपीलला ९० दिवस, त्यातून नकलेत गेलेले दिवस वजा. शेवटची तारीख काढून त्याच दिवशी पाठवणाऱ्याला फोन. त्याच्याकडूनही हिशोब तपासून घेते, कारण नक्कल त्याच्या मुन्शीने काढलेली असते आणि अर्ज खरोखर कधी टाकला हे त्यालाच माहीत असतं. निकालात कायद्याचा ठोस प्रश्न दिसत नसेल तर तेही त्याच फोनवर स्पष्ट सांगते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (सीपीसी) कलम १०० खाली त्याशिवाय अपील दाखलच करून घेतलं जात नाही, आणि पक्षकाराचे पैसे घालवून त्या वकिलाचं गावात नाव खराब करण्यात काय अर्थ आहे?

पेशीच्या (सुनावणीच्या) दिवशी संध्याकाळी मेसेज जातोच. मॅटर बोर्डावर (त्या दिवशीच्या यादीत) असूनही निघालं नाही तरी जातो: 'आज निघालं नाही, कोर्ट २६ नंबरपर्यंत गेलं, आपलं ४१ होतं. पुढची तारीख वेबसाइटवर चढली की कळवते.' त्या वकिलाच्या ऑफिसात त्याचा पक्षकार सकाळपासून बसलेला असतो. त्याला सांगायला वकिलाकडे काहीतरी असलं पाहिजे.

आदेशाची प्रत आधी त्याला पाठवायची. पक्षकार त्याचा आहे. उद्या त्याच पक्षकाराने जमिनीचं दुसरं काम थेट माझ्याकडे आणलं तर मी त्या वकिलाला फोन करते आणि तो म्हणेल तसं करते. याला बाकी कशाहून जास्त किंमत आहे असं मला मनापासून वाटतं.

फुटाळा:

ताई, धागा काढला हे फार बरं झालं. मी यंदाच सीनियरकडून बाहेर पडलो, माझ्यासारखे पाच-सहा जण हा धागा वाचून राहिले आहेत. अडचण अशी आहे की तालुक्याचे वकील मला ओळखतच नाहीत. मग आर्वी, उमरेड, पवनी असं एकेक कोर्ट फिरून कार्ड देऊन यायचं का? की तेही नियम ३६ मध्ये बसतं? वकिलाने वकिलाला भेटणं म्हणजे काम मागणं होत नाही असं काही जण म्हणतात.

अंबाझरी:

वकिलाने वकिलाला भेटू नये असं कुठे लिहिलेलं नाही. पण कार्डांचा गठ्ठा घेऊन कोर्टोकोर्टी फिरणं मला पटत नाही. नियमाचं राहू दे, त्याने कामही येत नाही. ज्याने तुझं काम पाहिलं नाही तो पक्षकाराची जमीन तुझ्या हाती का देईल?

तुझी स्वतःची पेशी आर्वीला असेल तर सकाळच्या गाडीने जाऊन दुपारी परतू नकोस. बार रूममध्ये बस, तिथल्या लोकांचं ऐक. कुणीतरी म्हणेलच, 'आमचं एक रिट नागपूरला पडून आहे, काय झालं कळत नाही.' संध्याकाळी नागपुरात येऊन स्टेटस बघ, बोर्डाची माहिती काढ, कळव. ते मॅटर दुसऱ्या वकिलाकडे असेल तर त्याच्याबद्दल वाकडा शब्द बोलू नकोस. फक्त स्थिती सांग. एवढ्यावर लोक लक्षात ठेवतात.

दुसरी गोष्ट तुझी बॅच. नागपूरच्या लॉ कॉलेजांतून शिकलेली मुलं विदर्भभर पसरलेली आहेत. त्यांच्या लग्नाला गेलास, पण त्यातलं कोण आज कुठल्या कोर्टात बसतं हे माहीत आहे का? ती यादी एकदा लिहून काढ. शिकवायची हौस असेल तर अर्धवेळ शिकव. १९७९ च्या नियमांनुसार वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायद्याचं अध्यापन करता येतं. आज समोर बाकावर बसलेली मुलगी उद्या गोंदियाला सनद घेऊन बसणार आहे, आणि सीपीसी कुणी शिकवलं हे ती विसरत नाही.

जुना सनदी:

वकीलभगिनींनी लिहिलेलं वाचून समाधान वाटलं. तरुणांना हा नियम जाचक वाटतो, म्हणून त्यामागचा इतिहास सांगतो. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोळकर हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ चा निकाल मुळातून वाचा. मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांच्या दारात काही वकील उभे राहायचे, पक्षकार आत शिरला की त्याच्याकडे धाव घ्यायचे, ओढाताण करायचे, फी पाडून काम हिसकावायचे. प्रकरण शिस्तभंगाच्या कारवाईपर्यंत गेलं. न्या. कृष्णा अय्यर यांनी त्या निमित्ताने लिहिलं की वकिली हा व्यापार नाही आणि ब्रीफ म्हणजे विकायचा माल नाही. आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट आहे ही.

दलालांबद्दलही सांगतो. जुना १८७९ चा लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्ट जाऊन आता ॲडव्होकेट्स ॲक्टमध्येच कलम ४५अ आलं आहे. २०२३ ची दुरुस्ती. न्यायालयाने दलालांची यादी जाहीर करायची, आणि यादीत नाव असताना दलाली केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम किरकोळ वाटेल, पण अशा माणसाशी आपलं नाव जोडलं जाणं ही वकिलासाठी फार मोठी गोष्ट आहे. तहसीलच्या आवारातले काही लोक, दवाखान्याबाहेर अपघाताच्या केसेस हुडकणारे, हे गोड बोलून जवळ येतात. पहिलं मॅटर फुकट देतात. दुसऱ्यापासून हिस्सा मागतात. तिथेच थांबा. वकील नसलेल्याशी फी वाटून घेण्याला नियमांत साफ मनाई आहे.

वर्धा रोड:

सगळं मान्य, पण काळ बदललाय. आज माणूस आजारी पडला तरी डॉक्टर फोनवर शोधतो. वकील का नाही शोधणार? आम्ही तिथे दिसलोच नाही तर आमचं नाव कसं कळेल? माझ्या ओळखीचे लोक डिरेक्टरीवर पैसे भरून वर येतात, रील्स टाकतात, आणि त्यांना फोन येतात हे खरं आहे.

धंतोली:

वर्धा रोड, फोन येतात यात वाद नाही. पण जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने नेमकं याच विषयावर बार कौन्सिलला कारवाई करायला सांगितलं. जे वकील अशा ऑनलाइन मंचांवरून काम मिळवतात त्यांच्यावर आणि त्या मंचांवरही. मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिलने रील्स आणि जाहिरातींबद्दल पुन्हा कडक शब्दांत पत्रक काढलं. पैसे भरून यादीत वर येणं ही जाहिरातच आहे, तिला दुसरं नाव देऊन उपयोग नाही.

स्वतःचं साधं पान मात्र जरूर ठेवा. कुणीतरी तुमचं नाव सांगितलेलं असतं, समोरचा पडताळून पाहायला फोनवर शोधतो. तिथे पत्ता, सनदेचं वर्ष, कामाची क्षेत्रं दिसली की पुरे. लिहायचं असेल तर कायद्यावर लिहा. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले तेव्हा झिरो एफआयआर म्हणजे काय, हे साध्या मराठीत कुणी लिहिलं होतं? ज्यांनी लिहिलं त्यांचे लेख पोलीस ठाण्यांपासून कॉलेजांपर्यंत फिरले. त्यात स्वतःच्या केसेसचा उल्लेख नको, 'संपर्क साधा' नको.

आता माझ्या बाजूचं थोडं. मी फॅमिली कोर्टात आहे आणि पॉश, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचं काम करते. २०१३ च्या त्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी, आणि समितीत एक सदस्य बाहेरची हवी. नियमांमध्ये त्यासाठी कामगार, सेवा, दिवाणी किंवा फौजदारी कायदा जाणणारी व्यक्ती चालते असं म्हटलेलं आहे, म्हणजे वकिलाला जागा आहे. हिंगणा, बुटीबोरी, मिहान, शिवाय शाळा, दवाखाने, पतसंस्था, सगळ्यांना अशी व्यक्ती लागते. मी सुरुवातीला एका संस्थेत बसले. चौकशी कायद्याने दिलेल्या ९० दिवसांच्या आत पूर्ण केली, दोन्ही बाजूंना नीट ऐकलं, बाहेर एक शब्द गेला नाही. तिथल्या एचआरने दुसऱ्या कंपनीच्या एचआरला नाव सांगितलं. पुढचं सगळं तसंच होत गेलं. एक पथ्य पाळा: ज्या संस्थेच्या समितीवर आहात तिचं वकीलपत्र त्याच वादात घेऊ नका.

फुटाळा:

धंतोली मॅडम, हे माहीतच नव्हतं. पण माझा एक मूळ प्रश्न आहे. तुम्ही, अंबाझरी ताई, सगळे एकेका कामासाठी ओळखले जाता. माझ्यासारख्याने एकच काम धरलं तर महिन्याचं भाडं निघणार नाही. चेक बाउन्स, रेग्युलर बेल, मोटार अपघात, जे येईल ते करावंच लागतं. मग ओळख कशी बनणार?

गोरेवाडा:

फुटाळा भाऊ, जे येईल ते कर ना. कोण नाही म्हणतं? पण एक विषय असा ठेव की त्यावर दुसरा वकील अडला तर त्याला तुझं नाव आठवेल.

मी प्लॉटची कामं करतो. नागपुरात राहून हा विषय कमी पडणार नाही. नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) हद्दीतले ५७२ आणि १९०० ले-आउट माहीत असतील. कुणाकडे विक्रीपत्र आहे पण आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) नाही, कुणी डिमांड (मागितलेली रक्कम) भरली पण पत्र आलं नाही, कुठे सोसायटीने एकच प्लॉट दोघांना विकला, कुठे प्लॉटवर उद्यानाचं आरक्षण निघालं. त्यात २००१ चा गुंठेवारी कायदा, त्यात नझूल (शहरातली सरकारी जमीन), त्यात खसऱ्याची (जमिनीच्या सर्व्हे नंबरची) मोजणी. फौजदारी करणाऱ्या वकिलाला यात शिरायला वेळ नसतो. पण त्याच्याच पक्षकाराचा प्लॉट अडकलेला असतो!

मी काय केलं ते सांगतो. मौजा (महसुली गाव) धरून वही केली. बाभुळखेडा, सोमलवाडा, चिखली, मानेवाडा असं. त्या मौजातल्या ले-आउटबद्दल जे कागद हातातून गेले, खसरा नंबर, सोसायटीचं नाव, मंजुरीची स्थिती, ते लिहीत गेलो. पक्षकाराचं खाजगी काही नाही, जे सरकारी कागदात आहे तेवढंच. आता जिल्हा न्यायालयात कुणालाही अमुक खसऱ्याचं विचारायचं असलं की माझ्याकडे येतो. मी वही उघडून सांगतो. पैसे घेत नाही. त्याला काम स्वतः करायचं असेल तर करू दे, मी कागद कुठे मिळेल तेही सांगतो. बरेचदा तोच म्हणतो, 'तूच बघ बाप्पा, मी सोबत राहतो.' पाटीवर तज्ज्ञ लिहिता येत नाही ना, मग हे असंच कळणार लोकांना.

इतवारी:

मी वकील नाही, सीए आहे. गांधीबाग, इतवारी, कळमन्याचे व्यापारी आणि काही छोटे कारखानदार माझ्याकडे आहेत. वाचत होतो, राहवलं नाही म्हणून लिहितो. आम्हालाही काम मागायला बंदी आहे, १९४९ च्या आमच्या कायद्यात. बाहेरच्या माणसाला कमिशन देणं-घेणं तर आम्हाला सनदेवर येतं. त्यामुळे जे तरुण वकील 'सर, मॅटर पाठवा, तुमचं बघून घेऊ' म्हणतात त्यांना मी पुन्हा भेटत नाही. कृपया हे वाक्य कुठल्याही सीएला बोलू नका.

मला वकील कधी लागतो ते सांगतो. व्यापाऱ्याचे पैसे अडकले की तो आधी माझ्याकडे येतो, कारण खातेउतारा माझ्याकडे असतो. कारखानदार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने त्याचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळालं पाहिजे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच. उशीर झाला की बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. त्यासाठी त्याच कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाता येतं, आणि निवाडा विरोधात गेल्यावर समोरच्याला तो रद्द करून घ्यायचा असेल तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. आयकरातही २०२३-२४ पासून वेळेत न दिलेल्या अशा बिलाची वजावट खरेदीदाराला पैसे देईपर्यंत मिळेनाशी झाली, तेव्हापासून तर रोज कुणीतरी विचारतं. पण नुसता खरेदी-विक्री करणारा इतवारीचा व्यापारी उद्यम (एमएसएमईची सरकारी) नोंदणी दाखवून या व्याजाचा दावा करायला जातो आणि अडतो, कारण उशिराच्या पेमेंटचं हे संरक्षण व्यापाऱ्यांना नाही. मग त्याला व्यापारी न्यायालय. तिथे तीन लाखांच्या वरचा वाद, आणि तातडीचा आदेश मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची.

हा फरक ज्या वकिलाला पहिल्या भेटीत सांगता आला त्याच्याकडे मी डोळे मिटून माणूस पाठवतो. आणि दावा लागल्यावर दर तीन महिन्यांनी एक ओळ पाठवली तरी चालेल. ताळेबंदात ती रक्कम बुडीत दाखवायची की येणं, हे मला मार्चमध्ये ठरवायचं असतं हो. वकील फोन उचलत नाही तेव्हा माझी फार पंचाईत होते.

वर्धा रोड:

इतवारी सर, मग तुमच्यासारख्यांशी ओळख व्हावी कशी? सीए लोकांच्या कार्यक्रमाला आम्ही जाऊन काय करणार?

इतवारी:

आमच्या अभ्यासवर्गांना कायद्यावर बोलणारे लोक लागतातच. धंतोलीत संस्थेचं कार्यालय आहे, तिथे विषय आणि एक पानाचा गोषवारा द्या. पण जिथे आमचं आणि तुमचं काम एकमेकांना भिडतं असा विषय घ्या. चेक बाउन्समध्ये लेजरचा उतारा पुरावा म्हणून कसा लावायचा, त्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र कुणी सही करायचं, यावर कुणी नीट बोललं तर सभागृह उठणार नाही. सुरुवातीला तुम्ही आम्हाला विचारायला या. तुमच्या केसमध्ये हिशोबाचा प्रश्न असेल तर सीएला विचारा, त्याची फी द्या. मला ज्यांनी आधी काम दिलं तेच वकील माझ्या पहिले लक्षात आहेत.

बुटीबोरी:

मी छोटा कारखानदार, पक्षकाराच्या बाजूचा. आमच्या असोसिएशनमध्ये वकिलांची भाषणं होतात. बरीचशी पहिल्या दहा मिनिटांत डोक्यावरून जातात. एकदा एक वकील आले, त्यांनी आमच्याच परचेस ऑर्डरचा कोरा नमुना पडद्यावर लावला आणि एकेक ओळ घेऊन सांगितलं: इथे 'माल स्वीकारला' याची तारीख कुठे आहे? वाद झाला तर कोर्ट कुठलं, नागपूर की चेन्नई? दर बदलला तर लेखी कुठे? सगळे पेन काढून लिहायला लागले. शेवटी त्यांनी कार्डं वाटली नाहीत, फीबद्दल बोलले नाहीत, प्रश्न संपेपर्यंत थांबले. आठवड्याभरात आमच्यातले कितीतरी जण आपापल्या परचेस ऑर्डर घेऊन त्यांच्याकडे गेले, मीही गेलो. आम्हाला खटला झाल्यावर वकील माहीत असतो. खटला होऊ नये म्हणून कुणाकडे जायचं, हे त्या दिवशी समजलं.

आणि सकाळी सातला नाश्त्यावर भेटणारे ते रेफरल गट, जिथे दर आठवड्याला एकमेकांना ग्राहक द्यावे लागतात, तिथे काही वकील येतात. वकिलाला ते चालतं का?

जुना सनदी:

दर आठवड्याला ग्राहक द्या आणि घ्या असं जिथे बंधन आहे तिथे वकिलाने बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे काम मागणं हेच सभासदत्वाचं कारण असतं. चेंबर किंवा उद्योग संघटनेच्या कायदेविषयक समितीवर काम करणं वेगळं. तिथे तुम्ही सरकारला द्यायचं निवेदन लिहिता, कायद्यातला बदल समजावता.

तरुणांनी आणखी एका वाटेकडे बघावं: संस्थांचं पॅनेल (संस्थेने नेमलेल्या वकिलांची यादी). सरन्यायाधीश झालेले भूषण गवई हे खंडपीठात वकिली करताना नागपूर आणि अमरावती महापालिकांचे व अमरावती विद्यापीठाचे स्थायी वकील होते. पॅनेलवरची फी थोडी आणि उशिरा येते. पण त्यामुळे रोज कोर्टासमोर उभं राहावं लागतं, आणि समोरच्या बाजूचे वकील तुमची तयारी रोज पाहतात. पुढे त्यांच्याच ओळखीतून कामं येतात. विधी सेवा प्राधिकरणाचं पॅनेल आणि खंडपीठातली तुरुंगातून आलेली अपिलं, हीसुद्धा मन लावून करा. त्या पक्षकाराकडून एक पैसा घ्यायचा नाही, आणि तरी पेपरबुक (अपिलाच्या कागदांचा संच) असं वाचून जायचं की सरकारी वकिलालाही तुमच्याकडून एखादं पान विचारावंसं वाटेल.

अंबाझरी:

सरांच्या शेवटच्या वाक्याला माझा दुजोरा. विरुद्ध बाजूच्या वकिलाकडून आलेली मॅटर्स मी मोजत नाही, पण ती येतात. ज्याच्याशी तुम्ही खोटं बोलला नाहीत, ज्याला प्रत वेळेवर दिलीत, ज्याच्या घरी आजारपण असताना तारखेला हरकत घेतली नाहीत, तो त्याच्याकडे दोन्ही बाजूंचे लोक आले की एकाला तुमच्याकडे पाठवतो.

वैनगंगा:

मी गडचिरोली जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. सगळे नागपूरकर बोलून राहिले, म्हटलं पाठवणाऱ्यांचंही ऐका.

आमचा पक्षकार नागपूरला येतो म्हणजे एक दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं आणि रात्री कुठे झोपायचं याची काळजी घेऊन येतो. त्याला ऑफिसात दोन तास बसवून 'उद्या या' म्हटलं की तो परत आल्यावर मलाच विचारतो, 'साहेब, कुठे पाठवलं होतं?' नागपूरचा वकील किती मोठा आहे हे मी पाहतच नाही. मी पाहतो की सहीसाठी बोलावलं त्या दिवशी कागद तयार होते का. फोनवर काम होत असेल तर बोलावलंच नाही, हे त्याहून चांगलं. शपथपत्र आमच्याकडेच करून पाठवता येतं, ते आम्हाला सांगा ना.

फी आकड्यात सांगा. 'बघू, द्या काही' नको. दाखल करायचे किती, सुनावणीचे किती, टायपिंग आणि कोर्ट फी धरून की वेगळी, हे मला आधी कळलं की मी पक्षकाराला सांगतो आणि पैसे गोळा व्हायला वेळ मिळतो. धानाचे पैसे हाती आल्याशिवाय इकडे कुणाकडे रोकड नसते.

आणि पळवापळवी. माझा एक जुना पक्षकार एका नागपूरच्या वकिलांकडे पाठवला होता. स्थगिती मिळाली. नंतर खालच्या कोर्टातली त्याची बाकी कामंही त्यांनी आपल्याकडे ओढली, माझ्या एनओसीसाठी (ना हरकत पत्रासाठी) पक्षकारालाच पाठवलं. मी एनओसी दिली, अडवलं नाही, तो त्याचा हक्क आहे. पण आमच्या बारमधून त्यांच्याकडे त्यानंतर कुणी काही पाठवल्याचं मला माहीत नाही. मी कुणाला सांगायला गेलो नव्हतो. बार रूम लहान असते, कळतं.

फुटाळा:

वैनगंगा दादा, हे फार महत्त्वाचं सांगितलं. एक विचारू? वकीलपत्रावर पाठवणाऱ्या वकिलाचंही नाव घालावं का? आणि फीचं कसं करतात, त्यांचा वाटा धरायचा का? मला विचारायला संकोच वाटतो.

वैनगंगा:

संकोच कशाला. पहिल्याच फोनवर विचारायचं: 'दादा, तुम्ही वकीलपत्रावर राहता का?' मी खंडपीठात येऊन उभा राहणार नसेन तरी बरेचदा हो म्हणतो, कारण मग आदेशाची प्रत मागायला मला कुणाची परवानगी लागत नाही. वकिला-वकिलांत फी वाटून घ्यायला बंदी नाही, बंदी आहे ती वकील नसलेल्याशी. खालच्या कोर्टाचे कागद लावणं, साक्षीपुराव्याचा तक्ता करणं, मराठी बयाणांचं इंग्रजी करून देणं, हे मी केलं असेल तर त्याची फी मी माझ्या पक्षकाराकडून वेगळी घेतो आणि त्याला दोन्ही आकडे सांगतो. नुसता फोन करून नाव सांगितलं असेल तर मी काही घेत नाही, मागतही नाही.

तू उमरेड-पवनीकडे येशील तेव्हा पुढे ब्रह्मपुरी-देसाईगंजपर्यंत ये. आमचं एक सेकंड अपील आहे, नक्कल कालच हाती आली. निकालाची आणि नक्कल अर्जाची तारीख तुला खाजगी मेसेज करतो. शेवटचा दिवस काढून उद्या सांग, मीही इकडे काढून ठेवतो.